बावीस वाव पाणी

पहाटे गेलेली होडी दिवे लागायच्या सुमाराला परत यायची, हा नेम होता. त्या दिवशी दहासुद्धा वाजले नव्हते. सगुणा पुळणीवर बसून वाळत घातलेली मासळी उलटत होती. मशीनचा आवाज कानावर आला तशी तिने मान वर केली. आवाज आपल्याच होडीचा, हे तिने ओळखलं. हातातली मासळी तिथेच टाकून ती उठली.

माघातलं धुकं अजून पाण्यावर बसलेलं होतं. कपाळाला आडवा हात धरून ती बघत राहिली. एक माणूस सुकाणूवर, एक मधे बसलेला, एक पुढच्या टोकाला उभा. तीन. तिने डोळे चोळले, पुन्हा मोजली. जाताना चार होती.

होडी लागली. तिचा नवरा दादू, होडी चालवणारा तांडेल, गुडघाभर पाण्यात उतरला आणि होडीचा दोर धरून तिथेच उभा राहिला. वर यायचं नावच घेईना. मुलगा आत्माराम, चोवीस वर्षांचा दांडगा गडी, होडीच्या तळात गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तोंड उघडलंन ते लवू खलाशानं.

"वयनी, बोट आली गो. मोठी, लोखंडी. धुक्यातनंच आली. आमी बोंबललो, भांडी वाजवली. जाळं ओढत घेऊन गेली."

"केरू कुठाय?"

लवू होडीतलं पाणी उपसू लागला.

"केरू कुठाय, विचारतंय मी!"

केरू तिचा धाकटा भाऊ. जाळ्याच्या पार टोकाला काहीतरी गुंतलं होतं, ते सोडवायला तो छोटं होडकं घेऊन गेला होता. जाळं गेलं, होडकं गेलं, केरू गेला. तिघांनी दोन तास त्या पाण्यात फेऱ्या मारल्या. हाती लागलं ते एक वल्हं. ते आत्मारामनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, आणि सगुणानं ते घ्यायला हात पुढे केला तरी त्याची बोटं सुटेनात.

दुपारी ते पोलीस ठाण्यात गेले. केरूची बायको चिमा सगुणाच्या खांद्याला धरून चालत होती. जमादारानं कागद पुढे ओढला, नावं लिहिली, वयं लिहिली, आणि मग त्याची लेखणी थांबली.

"ठिकाण काय लिहू?"

"समुद्र," दादू म्हणाला.

"समुद्र मोठा आहे तांडेल. बारा मैलांच्या आतला की बाहेरचा? आतला असेल तर आपल्या देशाची हद्द. बाहेरचा असेल तर मी काय लिहायचं ते मलाच वर विचारायला लागेल."

दादूनं जरा विचार केला. "धुक्यात किनाऱ्यावरच्या बत्तीचा मनोरा दिसत नव्हता, डोंगर दिसत नव्हता. पण जाळं टाकायच्या आधी मी शिशाचं वजन लावलेली दोरी तळापर्यंत सोडून दोन हातांनी मापलेली. बावीस वाव पाणी. तळाला काळा गाळ. तो भाग माझ्या पायाखालचा हाय."

जमादारानं 'बावीस वाव' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मैलांची जागा मोकळीच राहिली. त्या मोकळ्या जागेमुळे ग्रामसेवकानं पुढे केरूचा मृत्यू नोंदवायला नकार दिला. प्रेत नाही, ठिकाण नाही, मी कशाच्या जोरावर लिहू, असं तो म्हणाला. चिमा कुंकू लावायची, ते पुसावं की ठेवावं हे तिला कोणी सांगेना. सकाळी लावायची, दुपारी पुसायची, पुन्हा संध्याकाळी सगुणाला विचारायची, "वन्सं, लावू?"

चौथ्या दिवशी तटरक्षक दलाने ती बोट धरली, पण खोल समुद्रात, किनाऱ्यापासून तीस मैलांवर. आणून रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यासमोर नांगरून ठेवली. तिच्या जाळ्यात दादूच्या जाळ्याचा तुकडा अडकलेला सापडला. जाळं तरंगतं ठेवणारे पांगाऱ्याच्या लाकडाचे बोये, आणि खूण म्हणून प्रत्येक बोयाला बांधलेली सगुणाच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी. ठाण्यात सगुणानं ती चिंधी बोटांत धरून बघितली. आपलीच म्हणून मान हलवली.

म्हणजे बोट तीच होती. प्रश्न उरला तो एवढाच, की ती तेव्हा कुठे होती.

सरकारी वकील तरुण होता, बोलायला बरा होता. रत्नागिरीतल्या त्याच्या खोलीत त्याने टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला. सगुणानं समुद्र असा कागदावर कधी बघितला नव्हता. सगळीकडे बारीक आकडे, मुंग्या सांडल्यासारखे.

"हे बघा," तो म्हणाला. "चार वर्षांमागे जगातल्या देशांनी बसून समुद्राची वाटणी लिहून काढली. आपला कायदा तर त्याच्याही आधीचा. किनाऱ्यापासून बारा मैल म्हणजे आपलं अंगण. त्याच्या पुढे दोनशे मैलांपर्यंतची मासळीही आपलीच, पण तिथे सरकार परवाना देऊन परक्या बोटीला बोलावू शकतं. ह्या बोटीकडे तो परवाना आहे."

"मग बाराच्या पलीकडं माणूस मारला तर चालतो?" सगुणानं विचारलं.

वकिलानं नकाशाची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाला, "चालत नाही, बाई. पण ते म्हणतील धुकं होतं, दिसलं नाही. अपघात. बाराच्या आत असेल तर त्यांना तसं म्हणता येणार नाही. तिथे ती बोट यायलाच नको होती." त्याने नकाशावर बोट ठेवलं. "अडचण ही आहे. तांडेल बावीस वाव म्हणतात. नकाशातली वाव सहा फुटांची; बावीस वाव पाणी पंधरा मैलांवर आहे. बारा मैलांच्या रेघेवर एकोणीसच आहे."

"बावीस ती बावीस," दादू म्हणाला. "मी खोटं सांगणार नाय."

"खोटं सांगा असं मी कुठे म्हणतोय?" वकिलानं नकाशाची गुंडाळी केली.

दोन दिवसांनी हरिश्चंद्र त्यांच्या पडवीत येऊन बसला. धक्क्यावरचं बर्फ त्याच्याकडून यायचं, डिझेलही त्याच्याकडून. मुंबईच्या ज्या कंपनीनं ती परदेशी बोट आणली होती, तिच्या माणसांना त्यानंच धक्क्यावर हिंडवलंन हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्याने पाणी मागितलं, प्यायला, तांब्या नीट खाली ठेवला.

"तांडेल, तुमी खरा माणूस. बावीस वाव सांगितलात, तेच कोर्टात सांगा. एक शब्द इकडचा तिकडं नको. मी काय खोटं सांगायला सांगतंय?"

"नाय," दादू म्हणाला.

"तेच." मग तो सगुणाकडे वळला. आवाज आणखी मऊ केला. "वयनी, केरूचं वाईट झालं. पण आत्माराम हाय ना? त्याला जपा. समुद्र मोठा हाय, धुक्यात मोठ्या बोटीवाल्यांना होड्या दिसत नाहीत. त्यांचा तरी काय दोष?"

तो गेल्यावर सगुणानं तो तांब्या उचलला आणि राखेनं घासला. मग परत घासला. त्या दिवसापासून वेळू हलले तरी ती दचकायची. आत्माराम परसात गेला आणि जरा वेळ लावलान, की ती त्याच्या मागून जाऊन उभी राहायची. तो चिडायचा; पण त्याचीही गत तीच होती. पुळणीवर जायचं तो टाळू लागला होता. भांड्यावर भांडं आपटलं की त्याची मान खांद्यांत जायची.

जाळं गेलेलं, तेव्हा नवीन बांधणं आलंच. चैत्रात एका सकाळी अंगणात दोर मापायचं काम चाललं होतं. दादूनं दोर हातांत घेतला आणि छातीसमोरून ताणून वाव मोजू लागला. एक, दोन, तीन... तेरा भरल्या. गाठ मारून तो विडी पेटवायला चुलीकडे गेला. तेवढ्यात लवू आला. त्याला वाटलं, दोर मापायचा राहिलाय. त्याने तोच दोर उचलला, हात पसरून मोजला, आणि म्हणाला, "अकरा वाव भरतो गो वयनी. पुरे काय?"

"तेरा," सगुणा म्हणाली.

"छट्. अकरा."

"परत मोज."

लवूनं परत मोजला. अकरा.

सगुणाच्या हातातली सुई तशीच राहिली. चुलीपाशी ओणवा झालेला दादू तिला पाठमोरा दिसत होता. उजवा हात निखाऱ्याकडे, डावा कोपरात वाकलेला. विशीत असताना शिडाची काठी पडून ते कोपर मोडलं होतं. वैद्यानं बांधलंन ते वाकडंच बसलं, पुन्हा सरळ झालं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्याच्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही ती दोन बोटं आत घेऊन शिवत आली होती. तो हात तिच्या इतका सवयीचा झाला होता की तिला तो दिसायचाच बंद झाला होता.

तिने सुई खाली ठेवली. लवूला चहा दिला. दिवसभर जाळं विणलं, घरं चुकली, उसवली, पुन्हा विणली. आपल्याला जे कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. हरिश्चंद्र म्हणाला होता, एक शब्द इकडचा तिकडं नको. गप्प बसलं तरी पुरे होतं. कोणी खोटं बोलणार नव्हतं. आत्माराम जिवंत राहणार होता.

तीन दिवस तिने ते पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी चिमा आली आणि नेहमीसारखं कपाळाकडे बोट करून उभी राहिली, तेव्हा तिच्यानं राहवेना. ती मागच्या दारी गेली. दादू होडीचं सुकाणू घासत बसला होता.

"अवो, तुमची वाव आखूड हाय."

"काय?"

"तुमच्या तेरा, त्या लवूच्या अकरा. हातामुळं. बावीस वाव पाणी नव्हतं तितं. तुमच्या हाताच्या बावीस होत्या."

दादूनं घासायचं थांबवलं. त्याचा चेहरा काळवंडला. "तीस वर्सं मी तांडेल हाय. माझ्या दोरीवर वाडीतल्या होड्या गेल्या नि आल्या. आता लुळा म्हणून कोर्टात उभा करतंस मला?"

"लुळा कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणतील! हात मापतील माझा, गुरासारखा." त्याने घासणी फेकली. "ह्यावर परत बोलायचं नाय. आत्मारामचा विचार कर."

तो तिचाच विचार होता, म्हणून ती घरात परतली.

कोर्टाची तारीख वैशाखात लागली. दालन माणसांनी भरलेलं, वर पंखा घरघरत होता. बोटीचा कप्तान पोलिसांच्या मधे बसला होता. सगुणानं मनात केवढा तरी माणूस धरला होता. हा सुकलेला, पन्नाशीचा, पायांत रबरी चपला, दोन नखं काळी पडलेली. दोरात सापडून तशी होतात, हे तिला ठाऊक होतं. तो कोणाकडे बघत नव्हता. त्याला बघून तिचा राग शांत झाला नाही, पण भीती वाढली. हा राक्षस असता तर एकच असता. असली माणसं कितीही येऊ शकत होती, आणि त्यांना केरू दिसलाही नसेल.

मागच्या बाकावर हरिश्चंद्र बसला होता. तिने बघितल्यावर त्याने आदरानं मान लववली.

दादू पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. कंपनीचा वकील मुंबईचा होता, काळा कोट नवा कोरा.

"तांडेल, तुम्ही स्वतः दोरी सोडलीत?"

"होय."

"किती वाव?"

"बावीस."

"मोजण्यात चूक?"

"तीस वर्सांत झाली नाय."

"नामदार साहेब, साक्षीदाराचाच शब्द. बावीस वाव म्हणजे नकाशाप्रमाणे पंधरा मैल. माझ्या अशिलाकडे तिथला परवाना आहे." वकील बसला.

सरकारी वकिलानं दोन प्रश्न विचारले आणि तोही हताश होऊन कागद चाळू लागला. दादू उतरायला वळला. त्याने एकदा सगुणाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. शेजारी चिमा कपाळावर पदर ओढून बसली होती.

सगुणा उठली. आपण उठलोय हे तिला लोकांच्या माना वळल्या तेव्हा कळलं. पुढच्या बाकाची कड तिने घट्ट धरली.

"साहेब, त्यांची वाव बगा! हात मोडलेला हाय त्यांचा. त्यांची वाव सहा फुटांची नाय!"

शिपाई धावला. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला, बाहेर काढायची तंबी दिली. मुंबईचा वकील हरकत घेत उभा राहिला. पण सरकारी वकिलानं मान वर केली होती. तो तिच्याकडे, मग दादूच्या कोपराकडे बघत होता.

"साहेब, वाव कशी मोजली हे साक्षीदाराला विचारण्याची परवानगी असावी."

थोडा वाद झाला. शेवटी न्यायाधीश दादूला म्हणाले, "हात पसरा."

दादू हलला नाही. कानशिलावरून घाम ओघळला. मग त्याने हळूहळू दोन्ही हात बाजूला केले. उजवा सरळ गेला. डावा अर्ध्यातच अडला, कोपर मोडलेल्या फांदीसारखं वाकलेलं. सदरा वर सरकून पोट उघडं पडलं. कोणीतरी हसलं. शिपाई बाहेरच्या शिंप्याकडून टेप घेऊन येईपर्यंत त्याला तसंच उभं ठेवलं, आणि तो उभा राहिला. नजर समोरच्या भिंतीवर लावून.

पाच फूट एक इंच.

सरकारी वकिलानं कागदावर गुणाकार केला. दादूच्या बावीस वाव म्हणजे नकाशातल्या साडेअठरा, रेघेवरच्या एकोणिसापेक्षा कमी. बारा मैलांच्या आत.

निकाल ज्येष्ठात लागला. कप्तानाला कैद, बोट सरकारजमा. कंपनी अपिलात गेली म्हणे. पण ठिकाण कागदावर आलं होतं. ग्रामसेवकानं ते बघून लिहिलं आणि चिमानं त्या दिवशी कुंकू पुसलं ते परत लावलं नाही. ती रडली नाही. म्हणाली, "वन्सं, आपल्याच दारात गेले म्हणायचे."

पावसाचा जोर ओसरला. दादू कोर्टातल्या त्या दिवसापासून सगुणाशी कामापुरतं बोलत होता. ती जेवायला वाढायची, तो जेवायचा. नारळी पुनवेला वाडीनं समुद्राला नारळ दिला आणि होड्या बाहेर पडू लागल्या, तसा हरिश्चंद्रानं बर्फ संपल्याचं सांगितलं. फक्त त्यांच्यासाठी संपलेलं. दुसऱ्या दिवशी लवू आला, अंगणात उभ्यानंच म्हणाला, "वयनी, मला दुसरीकडं काम लागलंय." त्याची नजर तिच्या पायांवर होती. त्याच्या जागी यायला वाडीतला एकही माणूस तयार होईना. जो तो हरिश्चंद्राच्या डिझेलवर चालत होता.

होडीला तिसरा माणूस लागतोच. एक सुकाणूवर, दोघं जाळ्याला.

पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारलेली होडी पंधरा दिवस तशीच राहिली. मग एका सकाळी दादू रत्नागिरीहून डिझेलचा डबा घेऊन दाराशी आला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"होडीवर. दुसरं कोण हाय?"

बायका खाडीच्या तोंडापर्यंत जायच्या, त्याच्या पलीकडे कोणी गेली नव्हती. सगुणानं कासोटा घट्ट मारला, डोक्याला फडकं बांधलं. पुळणीवर माणसं कामं सोडून बघत राहिली. कोणी हसलं नाही. आत्मारामनं तिला हाताला धरून वर घेतलं.

खाडीचं तोंड ओलांडल्यावर लाटा बदलल्या. तिला दोनदा ओकारी आली. जमीन आधी हिरवी होती, मग निळी झाली, मग नुसती एक पट्टी उरली. ती सारखी मागे बघत होती. तिथे काठावर उभं राहून आयुष्यभर भ्यायली, ते भिणं वेगळं होतं, असं तिला वाटलं. त्यात पायाखाली वाळू तरी होती.

दहाच्या सुमाराला दादूनं मशीन बंद केलं. हवा स्वच्छ होती. पश्चिमेला दोन बोटी दिसत होत्या, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, सारख्या चालीनं चाललेल्या. जोडीनं मधे एकच जाळं ओढणाऱ्या.

आत्माराम मटकन खाली बसला. "बाबा, परत जाऊया."

"त्या बाराच्या बाहेर हायत," दादू म्हणाला. "आपण आत हाव. बत्तीचा मनोरा दिसतोय बग अजून."

"त्यांना म्हाईत हाय काय, आपण आत हाव ते?" सगुणानं विचारलं.

दादूनं डोळ्यांवर हात धरून पश्चिमेकडे बघितलं. त्या बोटी जवळ येत होत्या की दूर जात होत्या, हे कळत नव्हतं. तिघंही बघत राहिली. पाण्यावर काही नव्हतं. ना खांब, ना कुंपण, ना बांध. एकाच रंगाचं पाणी इथून तिथवर पसरलेलं.

"काय करूया?" दादू म्हणाला. समुद्रावरची गोष्ट त्याने तिला विचारली होती. "टाकूया काय जाळं?"

 सगुणानं आत्मारामकडे बघितलं. तो तसाच बसलेला होता, पण त्याने जाळ्याची कड हातात घेतली होती. ती उठून उभी राहिली, होडीच्या कडेला गुडघा टेकवला आणि पहिला बोया पाण्यात सोडला.

"टाका," ती म्हणाली, आणि त्या दोन बोटींवरची नजर न काढता जाळं सोडू लागली.